मानेवरचा मळ

रोज सकाळी मोरीत बसून मास्तरीण दगडाने मान घासायची. कपडे बेतायची, शिवायची, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. मानेवरचा काळा पट्टा निघावा म्हणून आधी साबण झाला, मग काथ्या, शेवटी दगड. कातडी सोलवटून निघे, पट्टा जागेवर. माप घ्यायला ती वाकली की गिऱ्हाईक बाई श्वास रोखून धरी. सासूबाई चारचौघांत म्हणत, "हिच्या मानेवर बी टाकलं तरी उगवेल!" सगळे हसत. तीही हसे. मग स्वतःचीच किळस येऊन दुसऱ्या दिवशी दगड जरा जास्तच दाबून फिरवी.

मान चिघळली तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, कमरेला टेप लावली. आजवर तिचं माप दुसऱ्या कुणी घेतलंच नव्हतं.

"घासणं बंद करा. हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय, त्याची ही खूण. वजन उतरवलं नाहीत तर पुढे मधुमेह आहे."

मधुमेहानेच तिच्या आईची नजर गेली होती. आणि हिचं तर पोटच सुईवर.

बेतायचं टेबल आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बैठका सुरू झाल्या. भिंतीला हात टेकून जोर. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, वजन म्हणून.

"हळू गं, खालचे भांडायला वर येतील," नवरा म्हणे.

"बाईसाहेबांना या वयात पैलवान व्हायचंय," सासूबाई.

महिनाभर गुडघे कुरकुरले. काटा किलोभर खाली आला आणि तिथेच रुतून बसला.

"जेवता किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थोडंच. माझ्यापुरतं."

"आणि त्यानंतर?"

त्यानंतर ती घरातल्या सगळ्यांचं उरलेलं संपवायची. वाया नको म्हणून. वीस वर्षं. हे सांगताना तिला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा हात धुवायला उठला. सासूबाईंनी त्याचं ताट तिच्याकडे सरकवलं. "टाकू नकोस. संपव तेवढं."

तिने ताटात पाहिलं. भातात बोटांचे ठसे. थिजलेलं तेल. दाताने तोडून ठेवलेला तुकडा, कडेला चघळून टाकलेला चोथा. हेच ती रोज खात आली होती, आणि घाणेरडी मात्र तीच! तिने उठून अख्खं ताट कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं.

"माज आलाय का अन्नाचा?" सासूबाई ओरडल्या.

"माज नाही. शिसारी आली."

नवरा ओल्या हातांनी दारात उभा होता. तिने रिकामं ताट त्याच्या हातात दिलं.

"संध्याकाळपासून भात कमी लावते. हे तेवढं विसळून ठेवा."