पालखीचा खांदा

आमच्या गावच्या जत्रेत पालखीच्या पुढच्या डाव्या खांद्याचा मान आमच्या घराकडे आहे. एखाद्या वर्षी आमच्यातला कोणी उभा राहिला नाही, तर तो मान चुलत घराकडे जातो आणि परत येत नाही. माझा चुलत भाऊ त्याचीच वाट बघतोय, अशी माझी पक्की समजूत होती.

ओरोसच्या कचेरीत दिवसभर खुर्ची गरम करून खांदे पडले, म्हणून मी जिमला जाऊ लागलो. उभ्याने बारबेल डोक्यावर नेताना कमरेला बाक दिला आणि कंबर धरली. जत्रेला चार महिने होते. डॉक्टर म्हणाले, उभ्याने वजन डोक्यावर न्यायचं नाही. मी घाबरलो, पण घरी बोललो नाही.

जिमचा ट्रेनर दोडामार्गचा. "उभ्यान नको, बसान कर," तो म्हणाला. "कंबर वाकली काय थंयच थांब." पाठ टेकायच्या बाकावर बसून हलके डंबेल वर न्यायचे. तिरक्या बाकावर छाती टेकून पालथं पडायचं आणि हात बाजूला उचलायचे. बारबेलचं एक टोक कोपऱ्यात टेकवून, एक गुडघा जमिनीवर ठेवून, दुसरं टोक एका हाताने पुढे ढकलायचं. म्हातारपणाचे व्यायाम वाटले, पण दुखणं थांबलं आणि खांदे भरले. आरशात बघायची खोड लागली.

माझी चूक साधी होती. आमच्याकडे पालखी म्हटलं की सगळे खांद्याचंच बोलतात, म्हणून मीही ट्रेनरला "खांदो घट व्हयो" एवढंच सांगितलं. पालखी आधी जमिनीवरून उचलावी लागते, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर चौघे वाकलो. कमरेत सणक गेली आणि मी दांडा सोडून सरळ झालो. ढोल वाजतच होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चुलत भाऊ पुढे आला. गेला मान, असं मी मनात म्हटलं. त्याने माझ्या जागी वाकून, दात आवळून बाकीच्या तिघांबरोबर पालखी उचलली आणि माझ्याकडे मान वळवली.

"खांदो दी रे. उचलूक कोणीय चलता."

मी दांड्याखाली खांदा घातला. वजन पेललं, अगदी सहज. तो बाजूला सरकताना त्याचा तोल गेला, म्हणून मी मोकळ्या हाताने त्याची कंबर धरली. सदऱ्याखाली हाताला कमरेचा पट्टा लागला, जाड, पट्ट्या घातलेला, डॉक्टर देतात तसला.

"दादा, कधीपासना?" मी विचारलं.

"दोन वर्सां झाली. गप रव आणि चल, मागचे खोळंबलेत."