पहिली चिठ्ठी

बाळांनो, नववर्षाच्या सकाळी उपासना संपली की आपल्या चर्चमध्ये बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली ठेवतात, हे तुम्हांला आठवत असेल. प्रत्येकाने एकच चिठ्ठी काढायची आणि ते वचन वर्षभर जपायचं.

यंदा रांगेत माझ्यापुढे सुशीला होती. पुढच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तिने चिठ्ठी काढली, वाचली आणि परत टाकली. दुसरीही टाकली.

"अगं, भाजी निवडतेस का?" मी म्हटलं.

"बाई, 'तो बरा होईल' असं एकदा निघू दे. मग मी निश्चिंत."

"पहिलीत काय होतं?"

"देव सोबत राहील, एवढंच."

ते 'एवढंच' मला लागलं, कारण एकेकाळी मीही तसंच म्हणत होते. तुमचे आजोबा आजारी असताना मी खिडकीत बसून देवाकडे खूण मागायचे: चिमणी आली, तर ते बरे होतील. चिमणी रोज आली. आजोबा गेले. त्यानंतर मला सावरलं ते तेव्हा मांडीवर मिटून ठेवलेल्या पवित्र शास्त्राने. खूण आपण आपल्या इच्छेतून घडवतो. वचन मात्र आपण मागण्याआधीच दिलेलं असतं.

रांग खोळंबली होती. मी तिला एवढंच विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी बाहेर एकटी बसशील, तेव्हा कोणतं वचन लागेल?"

ती टोपलीत वाकून पहिली चिठ्ठी शोधू लागली. बघता बघता मागची सगळी रांग तिच्याबरोबर शोधू लागली.