आफ्रिकेचा परवाना आणि तंबाखूचा खकाणा

निवेदन करणार : विष्णू रावजी, अर्जलेखक, वय बेचाळीस, मराठी पाचवी उत्तीर्ण, बसण्याची जागा निपाणीच्या कचेरीसमोरील चिंचेखाली. जिच्याकरिता प्रवास केला ती : तानुबाई, भ्रतार मारुती सुतार, धंदा वखारीत तंबाखूची पाने निवडणे. निघाल्याची वेळ : होळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळची मोटार. साक्षीदार : मोटारीतील संकेश्वरचे तंबाखूचे जैन व्यापारी आप्पासाहेब, व तानुबाईचे बेळगुंदीचे मामा परशराम. एवढे आरंभीच लिहून ठेविले, म्हणजे पुढील मजकूर कोणी कल्पित समजू नये.

तानुबाईचा नवरा आफ्रिकेत मोंबासा येथे रेल्वेच्या कारखान्यात सुतार आहे. त्याने तेथील सरकारात अनामत भरून बायकोस बोलावण्याचा परवाना मिळविला. पण त्याची मुदत वैशाखअखेरपर्यंतच. तत्पूर्वी इकडे तिला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टाकरिता बेळगावच्या डॉक्टरांचा दाखला हवा : देवी काढल्याचा एक, डोळे निरोगी असल्याचा दुसरा. प्रत्येकाची फी निराळी. हातातील पाटल्या मोडून तिने ती उभी केली होती. असले काम माझ्यावाचून निपाणीत कोणास उलगडत नसल्यामुळे मी स्वतः सोबत निघालो.

तवंदीच्या घाटात मोटारीचे पाणी उकळले व आम्हां सर्वांस खाली उतरविण्यात आले. मागे निपाणीची कौले उन्हात तापत होती. मी तो देखावा पाहत असता तानुबाईकडे लक्ष गेले. तिचे दोन्ही डोळे गुंजेसारखे लाल होते.

"डोळ्यांस काय झाले?"

"काय न्हाय, अण्णा. काल वखारीत बायकांनी वटी भरली. तवापास्नं लई चुरचुरत्यात."

वाचकांस हे सांगितले पाहिजे की, आमच्या वखारीतून एखादी बाई कायमची जाणार असली म्हणजे तिला निवडलेल्या पानांच्या ढिगावर बसवितात, खणानारळाने ओटी भरितात, आणि प्रत्येक बाई आपल्या पदराने तिचे डोळे पुसते. तो पदर दिवसभर खकाण्यात (उडणाऱ्या बारीक भुकटीत) माखलेला. वखारीत बाया पुष्कळ, आणि तानुबाई सर्वांची लाडकी.

आप्पासाहेब डोकावून म्हणाले, "ह्या डोळ्यांनी डाक्टर बोटीत चढू देतोय व्हय? अर्जमास्तर, डोळ्यांचाबी एक अर्ज लिवा की!"

मोटारीची मंडळी हसली. मी म्हणालो, "आप्पासाहेब, तंबाखू आपली, खकाणा आपला, आणि हसणेही आपलेच काय?"

त्यावर ते वरमले व त्यांनी आपल्या तांब्यातील पाणी तिच्या ओंजळीत ओतले.

संकेश्वरास हिरण्यकेशीच्या पाण्यावर तिला पुन्हा डोळे धुवावयास लाविले. ती पदराने तोंड टिपू लागली. लुगडे कालचेच होते! मी ओरडलो आणि माझे उपरणे पुढे केले. नंतर आम्ही नदीकाठी भाकरी, शेंगांची चटणी व दही खाल्ले. मला चव लागली नाही. पुढे वंटमुरीची टेकडी चढलो, काकतीची शेते गेली, पण मी बाहेर न पाहता तिच्या डोळ्यांकडेच पाहत होतो. लाली तिळमात्र कमी झाली नाही.

दवाखान्यात कंपाउंडर मोठ्या अगत्याने "बर्री, कुंदर्री" (या, बसा) म्हणाला व त्याने लगेच दोन्ही फी घेतल्या. डॉक्टरांनी दंडावरच्या देवी पाहिल्या. तो दाखला झाला. मग त्यांनी पापणी उलटविली आणि भिंग लावून पाहिली. तानुबाईने माझ्या उपरण्याचे टोक मुठीत धरले होते.

"खुपऱ्यांचा संशय आहे," ते म्हणाले. "एकाचे दुसऱ्यास लागणारे दुखणे. मुंबई बंदरात अशांस परत फिरवितात."

"साहेब, हे दुखणे नव्हे. हा तंबाखूचा खकाणा आहे."

"आपण डॉक्टर आहात काय?"

"नाही. परंतु मी निपाणीचा आहे."

"मग निपाणीच्या माणसाचे डोळे स्वच्छ कोणत्या दिवशी असतात ते सांगा, त्या दिवशी तपासतो." असे बोलून त्यांनी शेरा लिहिला आणि रिवाजाप्रमाणे तो पासपोर्टाच्या कचेरीत पाठवून दिला. फी परत होत नाही, हे कंपाउंडराने आम्ही न विचारताच सांगितले.

बाहेर येऊन तानुबाई पायरीवर बसली. "अण्णा, ह्यांनी तिकडं खोली घेतली असंल की वो."

त्या दिवशीच बैलगाडीने तिला बेळगुंदीस तिच्या मामांकडे नेले. लाल माती, मोहोरलेले काजू, रताळ्यांचे वेल. हवेत कसलाही खाट (नाकात झोंबणारा दर्प) नाही. मामांनी हकिगत ऐकली, कमरेची पानतंबाखूची चंची काढली आणि आढ्यावर फेकली.

"हितं आता तंबाखूचा वाससुदिक नगं. रडू नको गं तानी. रडलीस तर परत लाल हुतील."

"मामा, तुमी पानाबिगर ऱ्हाणार?" ती हसली. घाटापासून प्रथमच.

"ऱ्हातो की. लई झालं तर तुझ्या मामीशी भांडतो."

थोड्याच दिवसांत डोळे निवळले. शंखासारखे पांढरे झाले. मामांसह आम्ही पुन्हा डॉक्टरांसमोर उभे राहिलो. त्यांनी दोन्ही पापण्या उलटून पाहिल्या व सरळ सांगितले, "डोळे निरोगी आहेत. माझा संशय खोटा ठरला." मी दाखल्याकरिता हात पुढे केला. ते म्हणाले, पहिला शेरा कचेरीत दाखल झाला आहे. तो तेथून निघाल्याविना दुसरा दाखला देता येत नाही. कचेरीत गेलो. तेथील कारकून म्हणाले, नवा दाखला आल्याविना पहिला शेरा निघत नाही. सबब वरिष्ठांस नवा अर्ज, आणि तपासणीची फी नव्याने.

"म्हंजे डोळं माझं, अन् खरं तुमच्या कागदाचं?" तानुबाईने विचारले. कारकुनांनी पुढच्या इसमास बोलाविले.

मी एकटाच निपाणीस परतलो. घाट उतरताच तंबाखूचा उग्र वास आला. जन्मभर तो मला घरचा वाटत आला होता; त्या संध्याकाळी मी नाकाला उपरणे लाविले. वखारीपुढे बायांनी मोटार अडविली. "गेली का वो आमची तानी? बोट केवढी हाय?" गेली नाही हे ऐकून त्या तेथेच डोळ्यांस पदर लावून उभ्या राहिल्या. कारण काय, हे मला त्यांस सांगवले नाही.

माणूस परमुलखात जातो तेव्हा समुद्रच काय तो आडवा येतो, अशी माझी समजूत होती. समुद्र अजून आम्ही पाहिलेलाही नाही.

सबब, ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्या चरणी विनंती ऐसीजे : सदर बाईचे डोळे निरोगी असल्याचे खुद्द डॉक्टरांनी वर नमूद साक्षीदार परशराम यांचे समक्ष कबूल केले आहे, तरी पहिला शेरा रद्द व्हावा, एकाच डोळ्यांची फी दोनदा घेऊ नये, आणि वैशाख सरण्यापूर्वी उत्तर मिळावे. वखारीत परत जावे तर डोळे पुन्हा लाल होणार, म्हणून ती मजुरीवाचून मामांचे घरी बसून आहे. उत्तर बेळगुंदीसच पाठवावे. निपाणीस पाठविल्यास ते घेण्यास तिला येथे यावे लागेल, आणि वखारीच्या बाया तिचे डोळे पुसल्यावाचून तिला जाऊ देणार नाहीत.