नाल्याकाठचा वाळा

बांगलादेशच्या लढाईचं ते साल. उन्हाळ्यापासूनच दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम. आमचे हे रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि तापलेल्या क्वार्टरात दिवसभर कूस बदलत पडायचे. लग्नाला सहा महिने झालेले, आणि माझ्या वाट्याला नवऱ्याची नुसती पाठ!

सासूबाई दोन महिन्यांसाठी नणंदेच्या बाळंतपणाला नागपूरला गेलेल्या. मागच्या अंगणाखाली नाला होता. त्याच्या काठाने त्यांनी वाळा लावलेला, इकडे हिंदी मुलखात त्याला खस म्हणतात. वाळ्याच्या अलीकडे सासऱ्यांनी लावलेला पेरू. सासरे गेल्यापासून सासूबाई चहाची कपबशी घेऊन त्याच्याखालीच बसायच्या.

माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. अक्कल खांद्यालाही पोचली नव्हती. म्हटलं, घरात एवढी खस असताना यांनी घामात काहून झोपावं? कुदळ घेतली. कुंडम गावाकडची दूधवाली ओरडली, "दीदी, जड़ मत निकालो! नाला जमीन खा जाएगा."

"नाल्याला दात असतात का गं?" मी म्हटलं. मराठीतच, म्हणजे तिला कळू नये. तिला बरोबर कळलं.

तीन दिवस खणलं. मुळं धुतली, बांबूच्या चौकटीत गुंफली, खिडकीला पडदा टांगला, वर पाणी शिंपडलं. काय सुगंध! हे असे गाढ झोपले की मी उशाशी बसून नुसती बघत राहायची. वेडीच होते.

मग जेठ महिन्यातली एक दुपार. आंधी आली, मागोमाग धो धो पाऊस. साऱ्या क्वार्टरांचं पाणी आमच्या अंगणातून नाल्याकडे धावलं. खणलेल्या काठाचे लचके तुटू लागले. मी पेरूला मिठी मारून ओरडतेय, "अहो, उठा ना!" आणि हे माझ्याच पडद्याच्या गारव्यात घोरून राहिले! पेरू कलला, मला चिखलात बसवून नाल्यात गेला.

आठवड्याने सासूबाई आल्या. काठाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मी पदर चावत मागे. तेवढ्यात हे म्हणाले, "आई, मीच सांगितलं तिला खणायला."

सासूबाई वळल्यासुद्धा नाहीत. "अच्छा? दोन महिने तू तर झोपून राहिला. सांगितलं केव्हा?"

मग मला म्हणाल्या, "चल वो, दूधवालीकडून वाळ्याचे ठोंब मागून आणू. आणि तिच्याशी नीट बोल." ठोंब दाबताना पेरूच्या जागेपाशी त्यांचे हात मात्र थांबत होते.

वाळा पुढे फोफावला, काठ टिकला. सासूबाई आणि हे, दोघांना जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. पुढे माझ्या हातून पुष्कळ घोळ झाले, पण "मीच सांगितलं तिला" असं इतकं कच्चं खोटं माझ्यासाठी परत कोणी बोललं नाही.