पुन्हा एकदा सही करा

तीन माणसं एका ऑफिसात दोन वर्षं बसली की कपाटात फायली साचतात आणि डोक्यात किस्से. फायली कधीच रद्दीत गेल्या, किस्से मात्र अजून माझ्याकडेच आहेत. कोणी चहाला आलं की एखादा निघतोच. बायको म्हणते, "ते सह्यांचे किस्से जेवताना नका सांगू, घास अडकतो!" म्हणून आत्ता सांगून घेतो.

काम साधं होतं. दोन हजार चार-पाचची गोष्ट. एका विमा कंपनीचे हप्ते लोकांच्या बँकखात्यातून दर महिन्याला आपोआप कापले जायचे. त्यासाठी ग्राहकानं एकदा सही करून बँकेला परवानगी द्यायची. त्या कागदाला आम्ही मँडेट म्हणायचो. हप्ते गोळा करणारी जुनी एजन्सी बुडाली आणि काम आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसाकडे आलं. बँक म्हणाली, जुने कागद चालणार नाहीत, प्रत्येकाची नवी सही आणा!

फिरायला मी आणि वामनभाऊ. ऑफिसात मंदाबाई. नवी सही जुनीशी जुळते का, हे भिंग लावून बघायचं काम त्यांचं. त्यांच्या भिंगातून माशीसुद्धा खोटी सही करून सुटली नसती.

*

जुन्या फॉर्मांच्या पेट्या आणायला मी त्या बुडालेल्या एजन्सीच्या जागेवर गेलो. आठ महिन्यांपासून बंद, म्हणून खालच्या पानठेल्यावर किल्लीची चौकशी केली. पानवाला म्हणाला, "किल्ली कायले? उघडंच हाय वरतं."

वर वीज कापलेली. पंखे, खुर्च्या, सगळं विकलेलं. खिडकीपाशी एक टेबल आणि त्यामागे इस्त्रीच्या शर्टातले एक वयस्कर कारकून. भिंतीशी पेट्या रचलेल्या. एकीवरही धूळ नाही!

"काका, हे तर बंद झालं ना?"

"मालक म्हनले, कोनी चार्ज घ्याले येते तोपर्यंत बसा."

"मालक कुठं आहेत?"

"ते तं तवाच गेले, गाव सोडून."

"आणि पगार?"

त्यांनी पेट्या मोजून दिल्या, पावतीवर माझी सही घेतली, दोनदा वाचली. मग पाण्याची बाटली पिशवीत टाकून ते उभे राहिले.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "आता मी जाऊ काय?"

*

वामनभाऊ जिवतीहून आला आणि त्यानं चहा नको म्हटलं. वामनभाऊ आणि चहा नको! मंदाबाईंनी भिंग खाली ठेवलं.

तिकडे डोंगरावर कोरडवाहू शेती करणारा एक ग्राहक होता. पूर्वी सिमेंटच्या कामावर होता, तेव्हाचं त्याचं बँकखातं. लिहिता येत नाही, म्हणून जुन्या फॉर्मवर डाव्या अंगठ्याचा ठसा. वामनभाऊनं शाईचा पॅड पुढे सरकवला. त्या माणसानं हात पुढे केला. चारच बोटं!

"अंगठा कुठी गेला?"

"मशीनमंदी."

"मंग उजव्याचा द्या."

"बँकेत तं डाव्याचा हाय ना, भाऊ. उजव्याचा चालते काय?"

मुद्दा बरोबर होता. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली त्या माणसाची म्हातारी आई उठली, आत गेली आणि मिठानं भरलेली काचेची बरणी घेऊन आली. तोंडाला फडकं बांधलेलं.

"मी म्हनलंच होतं याले," फडकं सोडत म्हातारी म्हणाली, "फेकू नको, कामात पडन!"

*

एक दिवस मंदाबाईंनी मला टेबलाजवळ बोलावलं. समोर घुग्घुसच्या खाणकामगारांचे अकरा फॉर्म मांडलेले.

"या अकराही सह्या एकाच माणसानं केल्यात."

"शपथ घेतो, बाई! अकरा जणांनी माझ्यासमोर सह्या केल्यात."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. नावं वेगळी, अक्षरं वेगळी. पण प्रत्येक सहीत शेवटची रेघ सरळ जाता जाता एकदम खाली घसरलेली. कोणी मनगट धरून ओढल्यासारखी. जुन्या सह्यांमध्ये तसं काही नव्हतं.

मी परत घुग्घुसला गेलो. शिफ्ट सुटली होती, मोटरसायकली लावून सगळे चहाच्या टपरीवर. फॉर्म दाखवले. आधी हसले. मग एकमेकांच्या सह्या बघायला लागले आणि हसणं थांबलं.

त्यांच्यातला वयानं मोठा होता तो बोलला. "मागच्या साली खाणीत पानी शिरलं होतं. आमी अकराजनं अटकलो. सात घंटे अंधारात, हाताले हात धरून रांगेत उभे. गळ्यापर्यंत पानी. माह्या बाजूचा सारखा हात खाली ओढे. म्या मनलं, भेलाय बिचारा, धरून ठेवा. मी ओढलो गेलो का माह्या इकडचाही ओढला जाये. असं पार दुसऱ्या टोकापर्यंत."

"तुमच्या बाजूचा कोण होता?"

त्यानं ग्लास खाली ठेवला.

"तेच तं, साहेब. रांगेत शेवटचा मीच होतो."

बँकेनं अकरा जणांच्या सह्या नव्यानं नोंदवून घेतल्या. कारणाच्या जागी मी 'हाताला दुखापत' असं लिहिलं.

*

भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीमागे एका ग्राहकाच्या भाड्याच्या घरी मी सहीसाठी तीनदा गेलो. दारात पॉलिश केलेले बूट. बाई शिवणयंत्रावर. तिन्ही वेळा उत्तर एकच, "आत्ताच गेले ड्युटीवर." तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, ड्युटीवर गेले तर बूट इथे कसे?

बस स्टॉपवर शेजारचे भेटले. म्हणाले, "त्यायले जाऊन तीन वर्सं झाले!"

मी उलटा फिरलो. "ताई, खात्यात पैसे कोण भरतं?"

"मीच. शिलाईचे."

"अहो, विमा त्यांचा! तुम्ही कशाला भरता? उलट कंपनी तुम्हाला रक्कम देईल!"

"मालूम हाय, दादा." यंत्राचं चाक तिनं हातानं थांबवलं. "पन दर महिन्याले पासबुकात त्यायच्या नावानं हप्ता कटते. तेवढं एकच काम अजून ते करते. ते बी बंद करू?"

मी फॉर्म पिशवीत टाकला आणि विम्याची रक्कम मागायचा क्लेमचा कागद काढला. तिनं डोळे पुसले, त्यावर सही केली. रक्कम पुढे सगळी मिळाली, मंदाबाई स्वतः मागे लागल्या. पण त्या दिवशी सही झाल्यावर ती आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "आयकलं काय जी? आजपासून रिटायर!"

आतून खाट करकरली.

*

फॉर्मवर दोन रकाने असायचे. हप्ता केव्हापासून कापायचा आणि केव्हापर्यंत. दुसरा रकाना लोक कोराच सोडत. कोरा म्हणजे, मी थांबवा म्हणेपर्यंत.

गडचिरोलीकडे तलावाकाठच्या एका धानाच्या गावात सगळ्यांचे फॉर्म एक रिटायर गुरुजी भरून देत. त्यांच्या ओसरीत बसून मी आठ-दहा फॉर्म घेतले. मीही नुकतीच पॉलिसी काढली होती, म्हणून माझाही त्यांच्याकडूनच भरून घेतला.

वर्षभरानं मंदाबाईंनी तीन फॉर्म पुढे टाकले. "बँकेतून परत आलेत. खातेदार वारले. दुसरा रकाना बघ."

तिन्ही फॉर्मवर दुसरा रकाना भरलेला. महिना आणि साल. तिघंही आपापल्या रकान्यातल्या महिन्यातच गेलेले!

"योगायोग," मी म्हणालो.

मंदाबाईंनी ड्रॉवरमधून चौथा काढला. माझा. दुसऱ्या रकान्यात पुढचा मार्च.

हसू नका. तो मार्च मी कसा काढला, मलाच ठाऊक. मोटरसायकलला हात लावला नाही. माझी गावं वामनभाऊनं केली. मंदाबाई रोज सकाळी माझ्या कपाळाला अंगारा लावायच्या. बायकोला काही सांगितलं नाही, पण ती रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरायची. एकतीस तारीख गेली. काहीही झालं नाही!

एक एप्रिलला मी तडक गुरुजींच्या ओसरीत. ते मासोळीचं जाळं विणत बसले होते. मी फॉर्म पुढ्यात आपटला. "गुरुजी, हा काय चावटपणा? तुम्ही लिहिलेल्या महिन्यातच इथले तिघं गेले, महिनाभर मेल्यासारखा जगलो मी!"

त्यांनी चष्मा लावला. ओळीवरून बोट फिरवत गेले. "नाव माह्या हातचं. बँकेचं नाव माह्या हातचं." दुसऱ्या रकान्यावर बोट थांबलं.

"हे माहं अक्षर नाई, बाबू."

"मग कोणाचं?"

"त्या तिघायनंही असंच केलं होतं. फारम भरून झाला, अन् माह्या हातचा पेन मांगून घेतला." त्यांनी चष्मा काढला. "तू बी मांगितला होता. आठवत नाई काय तुले?"