भरवेलीची काळी धूळ

बालाघाटात कोणाचा लॅपटॉप रडायला लागला की लोक रचना मेश्रामचं दुकान गाठतात. आणि रचनाचं उत्तर ठरलेलं: "पॅच काढून देतो, मशीन पळन मंग हरणासारखी!" या करामतीचा तिला भारी गर्व होता, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी बारा वाजता समीक्षा धापा टाकत आली. भरवेलीच्या खाण कॉलनीत तिचं बँकेचं केंद्र आहे. म्हातारी माणसं तिच्याकडे अंगठा लावून पेन्शन उचलतात.

"ताई, दोनले बँकेची तपासणी हाय! मशीन अडकली तं केंद्रच बंद करतो म्हणते साहेब."

"अवं, भितं काहून? पाच मिनिटं बस."

रचनाने लॅपटॉप लावला. स्वस्तातला, पाच वर्षांचा. हात चालवता चालवता तिचं तोंडही सुरू झालं. "प्रोसेसर लई उतावळा असते. भजेवाला कसा, गिऱ्हाईक बोलायच्या आधीच घाणा काढून ठेवते? तसा. पण कोणी कढईत डोकावलं, तं कोणासाठी काय काढलं ते त्याले समजते. म्हणून कंपनीनं कुलूप लावलं. तेच पॅच. कुलुपानं काम हळू होते."

"मंग ते कुलूप तू काढून टाकतं?"

"हौ!"

"ताई, माह्या मशीनीवर अख्खी कॉलनी अंगठा लावते."

रचनाचं बोट बटणावरच थांबलं. आजवर हे तिला कोणी विचारलंच नव्हतं! आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. घड्याळात साडेबारा.

मग पॅच नाही, तर काय? तिने मशीन तशीच चालू ठेवली आणि हात खाली लावून पाहिला. बापरे, तवाच! पंखा घरघरत होता, पण वारा काही येत नव्हता. तिने मशीन बंद केली, भराभर सगळे स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं, आणि दोघी ओरडल्याच.

आत मँगनीजची काळी धूळ घोंगडीसारखी दाट बसली होती. खाणीची धूळ, कॉलनीत भांड्याकुंड्यांवर रोज बसते तीच. श्वास कोंडलेला प्रोसेसर तापून तापून मंदावला होता, आणि रचना आपली पॅचला शिव्या देत होती!

ब्रश, फुंकणी, नवी पेस्ट. सव्वा वाजता मशीन सुरू झाली आणि काय पळाली म्हणता! कुलूप जागच्या जागी होतं. त्यानं काम थोडं हळू व्हायचं ते होतच होतं, पण अडकणं गेलं. रचनाने टाळीच वाजवली. "पळ आता!" समीक्षा पळाली.

अडीचला फोन आला. "ताई, पास! साहेबानं सोताच अंगठा लावून पाह्यला!" रचना खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी होती.

आणि मग तिला वही आठवली. दुरुस्तीच्या वहीत भरवेलीचे अकरा लॅपटॉप होते. अकराही कुलपं तिनेच काढलेली. तिने शटर ओढलं, ब्रश पिशवीत टाकला आणि स्कूटीला किक मारली.

पहिलंच दार प्रेमलालकाकांचं. काका लॅपटॉपवर बँकेचं पासबुक पाहत बसले होते. तिला पाहून हसले. "अवं पोरी, तुया हातची मशीन तं हवेसारखी पळून राह्यली. मंग काहून आली?"

"पळून राह्यली, म्हणूनच आली काका," रचना म्हणाली. "तुमच्या घराचं दार उघडं टाकलं होतं मी, कुलूप लावाले आली."