माती चाखणाऱ्या आत्या

आमच्या आत्याबाई माती चाखायच्या. लग्न होऊन आल्यावर चौथ्याच दिवशी मी ते पाहिलं. पाटाखालच्या रानात त्यांनी ढेकूळ फोडलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि थुंकून म्हणाल्या, "अजून गोड हाय." मी मनात म्हटलं, अगं बाई, कुठल्या घरात येऊन पडले मी!

आमची वस्ती भवानीनगरजवळची. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आबांची, थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या. शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण मोरगावपासून इंदापूरपर्यंतची माणसं रुमालाच्या टोकाला माती बांधून त्यांच्याकडे यायची. विहीर पाडायची असो की लिंबोणी लावायची असो, आधी आत्यांना विचारायचं.

त्या माती भिजवून तळहातावर वळी करायच्या. वाकवून मोडली नाही तर काळी चिकण, लगेच तुटली तर मुरमाड. पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळायच्या. फसफसलं की चुनखडी. मला एकदा ओढ्यात उभं करून दरड दाखवली. "ह्यो खालचा काळा दगूड. ह्योच कुजला की मुरूम, आन् मुरूम कुजला की वरची काळी. समदी एकाच घरची हायती, सूनबाई." इतकं सोपं करून मला पुढे कुणी काही शिकवलं नाही.

पण घरातल्या माणसाला शिकवणं अवघड. आबांनी पाटाखालच्या रानात पहिल्यांदाच ऊस लावला होता. घरात काळी जमीन तेवढीच. पाण्याची पाळी आली की आबा रान तुडुंब भरायचे. सगळा गावच तसं करायचा. कमी पाणी घेणारा खुळा ठरायचा. दुसऱ्या हिवाळ्यात सरींच्या कडेनं पांढरं फुटलं. आबा म्हणाले, "दव वाळलंय." आत्या म्हणाल्या, "डोंबल! पानी मुरून खालचं मीठ वर आलंय. मधनं छातीएवढा चर काढ, वड्याला सोड. न्हायतर हितं गवतबी उगवायचं न्हाय."

"उभ्या उसातनं चर काढू? लोक तोंडात शेण घालतील माज्या!"

झालं! बहीण-भावाचं बोलणं बंद. महिनाभर दोघांचे निरोप मी इकडून तिकडे नेत होते, आणि दोघांची बोलणीही मीच खात होते.

मग आत्यांनी रानाच्या खोलगट कोपऱ्यात स्वतः कुदळ घेऊन खड्डा खणला. कंबरेइतक्यावरच पाणी लागलं. ते पाणी कळशीत भरून आणलं आणि माझ्या भाकरीच्या तव्यावर थोडं थोडं ओतून आटवत बसल्या. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "गप. आज भाकरी उशिरा." आबा जेवायला बसले तेव्हा आत्यांनी ताटात तोच तवा ठेवला. तव्यावर पांढरी खपली धरली होती.

"ह्ये तुज्या रानाचं पीक. खा."

आबांनी बोटानं खपली खरवडली. न जेवताच उठले आणि दुसऱ्या दिवशी उसातून चर काढायला माणसं घातली.

चर झाला, ऊस गेला. आत्यांनी सांगितल्याप्रमाणे रानाला बांध घालून पावसाचं पाणी मुरवून मीठ चरातून धुऊन काढलं, खतासाठी ताग पेरून गाडला. गावात मात्र आबा मिशीवर हात फिरवत सांगायचे, "मीच म्हनलं, चर काढू." मला भारी राग यायचा. आत्या हसायच्या. पण एकदा चुलीपाशी बसून म्हणाल्या, "सूनबाई, आब्या येकदा म्हनला असता, आक्का तुजं खरं हाय, तर बरं वाटलं असतं गं." तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी अंथरूण धरलं. आतल्या खोलीत बाजेवर पडल्या पडल्या रोज विचारायच्या, "पांढरं दिसतंय का?" आबा रानात जाऊन यायचे आणि उंबऱ्यावरून मलाच सांगायचे, "कमी हाय म्हनावं." आणि तसेच माघारी फिरायचे. श्रावणात आत्या गेल्या. बाज तिथेच राहिली. हलवायला कुणाचा हात धजावला नाही.

त्या वर्षी आबांनी त्या खोलगट कोपऱ्यात ज्वारी टाकली. आठवड्यानं सकाळीच ते धापा टाकत घरात शिरले. पायांना चिखल, मुठीत मुळासकट उपटलेली चार हिरवी रोपं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आतल्या खोलीकडे गेले.

"आक्का! ए आक्का, तुजं खरं झालं गं! उगवलं बग, त्याच कोपऱ्यात उगवलं!"

बाजेपाशी पोचल्यावर त्यांना आठवलं.